भांडण चालू असेपर्यंत हिरवा दिवा

ताईला नोकरी लागली.

हे वाक्य मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. आपण सगळे आता त्या आठवड्यात परत जाऊ, जेव्हा ताईला नोकरी नव्हती, घरात इंटरनेट असून नसल्यासारखं होतं आणि पुढचं कोणालाच काही ठाऊक नव्हतं. मलाही नाही. चेहरा तसाच ठेवा.

ताईची कंपनी बंद पडली तेव्हा ती दोन बॅगा आणि एक कुंडी घेऊन घरी आली. तिच्या जुन्या खोलीत तोवर आईचं शिलाई मशीन, कापडांचे गठ्ठे आणि डोकं नसलेला एक पुतळा राहायला आले होते. आई लोकांचे कपडे सैल करून देते, घट्ट करून देते, आणि गिऱ्हाईक गेल्यावर त्यांच्या पोटांबद्दल बोलते. तिच्याकडे एक नागमोडी कात्री आहे, कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून. त्या कात्रीला कागद लावणं सोडाच, कागद दाखवायचासुद्धा नाही असा घरात नियम आहे. हे लक्षात असू द्या, म्हणजे मला नंतर थांबून सांगावं लागणार नाही.

तर पुतळ्याने जागा सोडली नाही आणि ताई त्याच्या शेजारी झोपू लागली. दिवसभर ती लॅपटॉपवरून अर्ज पाठवायची. अर्ज जायचे, कारण अर्जाला इंटरनेट क्षणभरच लागतं. मुलाखतीला जास्त लागतं. पहिल्या मुलाखतीत ती "माझी सर्वांत मोठी ताकद म्हणजे" इथपर्यंत आली आणि तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले अशा अवस्थेत गोठली. समोरच्यांनी सभ्यपणे वाट पाहिली. मग कळवलं, की उमेदवाराला विचार करायला फार वेळ लागतो. दुसऱ्या मुलाखतीत तिचा आवाज जात होता, त्यांचा येत नव्हता. तिने न ऐकलेल्या प्रश्नांची फार चांगली उत्तरं दिली.

तिसरी मुलाखत शुक्रवारी सकाळी होती. लांबच्या एका विमानतळाला हरवलेल्या सामानाच्या विभागासाठी प्रमुख हवा होता.

"हीपण गेली तर मी पुतळ्याशी लग्न करून इथेच राहते," ताई म्हणाली. ती हसत नव्हती. पुतळाही.

मोबाइलवरून कर ना, असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरात मोबाइलची रेंज फक्त फ्रिजच्या डोक्यावर येते, तीही बोलण्यापुरती, चेहरा दाखवण्यापुरती नाही. मैत्रिणीकडे जा म्हणाल, तर मैत्रिणीकडे नवं बाळ होतं आणि त्याचं कोणत्याच विषयावर समाधान होत नव्हतं. उरला तक्रारीचा मार्ग. आणि तक्रार म्हटलं की आमच्याकडे बाबा.

बाबा पाणीखात्याच्या तक्रार कक्षातून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी तक्रारी घेतल्या. सोडवल्या, असं मी म्हटलेलं नाही. त्यामुळे इंटरनेट कंपनीशी बोलताना त्यांची सहानुभूती नेमकी नको त्या बाजूला असते. ताईने फोन स्पीकरवर टाकून फ्रिजवर ठेवला आणि आम्ही सगळे माना वर करून उभे राहिलो.

"नमस्कार, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत," वरून एक मुलगी म्हणाली.

"दिलगिरी पहिल्याच वाक्यात," बाबा आमच्याकडे वळून हळूच म्हणाले. "शिकवलेलं आहे पोरीला."

"नेट सारखं जातंय. माणूस पाठवा," ताई म्हणाली.

"मॅडम, राउटर बंद करून परत चालू केलात का?"

"केला."

"मध्ये थोडा वेळ बंद ठेवला होतात का?"

"आम्हाला ठेवावा लागत नाही. तो आपला आपण राहतो."

"समजलं, मॅडम. पण तुमची आधीची तक्रार आमच्याकडे सुटलेली दिसतेय. ग्राहकाने स्वतःच बंद केली आहे."

"कोणत्या ग्राहकाने?"

"आपणच, मॅडम."

या ठिकाणी बाबांनी फ्रिजचं दार उघडलं आणि आत बराच वेळ काहीतरी शोधलं.

"तुमच्या वरच्यांना द्या फोन," ताई म्हणाली.

"ते मीटिंगमध्ये आहेत."

"अस्सल," फ्रिजच्या आतून बाबा म्हणाले.

नवी तक्रार नोंदवली गेली. माणूस आला नाही. दुसऱ्या दिवशी परत फोन, परत तेच: तक्रार सुटली, ग्राहकाने बंद केली. ताईच्या मते ही कंपनी धादांत खोटं बोलत होती. बाबांच्या मते इतकं टोकाचं मत बनवायची घाई करू नये.

आता आत्या. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. इकडचं तिकडे जोडून देणं हा तिचा पेशा, तो तिने निवृत्तीनंतरही सोडलेला नाही. घरात कोणाचा आवाज चढला की ती मागच्या खोलीतली आपली खिडकी उघडते आणि बोळापलीकडच्या वहिनींना वृत्तान्त देते. एरवी तिला वारा लागतो, म्हणून ती खिडकी घट्ट लावून फटीत कागदाच्या घड्या कोंबते.

इंटरनेटची वायर त्याच खिडकीतून येते. जोडणी द्यायला आलेल्या माणसाने समोरच्या भिंतीला भोक पाडायला ड्रिल काढलं, तेव्हा बाबांनी त्याच्याकडे लेखी अर्ज मागितला, कारण भिंत नुकतीच रंगवली होती. त्याच्या आयुष्यात भिंतीसाठी कोणी अर्ज मागितला नव्हता. त्याने वायर आत्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून आत ढकलली आणि तो चहालाही थांबला नाही.

तुमच्या सगळं ध्यानात आलं असेल. आम्हाला आलं नव्हतं. आम्ही त्या घरात राहत होतो.

बुधवारी ताईने माझा चार्जर घेतला आणि मी तिला कुंडीवाली बेरोजगार म्हणालो. त्यावर ती जे बोलली ते इथे छापता येणार नाही. पण तिचं बोलणं संपेपर्यंत पॅसेजमधल्या राउटरचा लाल दिवा हिरवा झाला होता. आई तिथेच उभी होती, तोंडात टाचण्या धरून. तिने टाचण्या काढल्या.

"भांडलं की येतं," ती म्हणाली.

"काय येतं?"

"नेट. परवा तुझ्या बाबांनी दूध उतू घालवलं, मी बोलले, आलं होतं. रविवारी टीव्हीवरून झालं, तेव्हा आलं होतं. आणि वन्संचा वाढदिवस कसा शांततेत गेला. दिवसभर नव्हतं."

ताई इंजिनिअर आहे. तिने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, असं नसतं."

मग तिने लाल दिव्याकडे पाहून मला उगाचच एक शिवी दिली. दिवा लालच राहिला. "बघ," ती म्हणाली.

"ती मनापासून नव्हती," आई म्हणाली.

गुरुवारी दुपारी रंगीत तालीम झाली. ताईचा विश्वास नव्हता, पण माणूस मुलाखतीच्या आदल्या दिवशी काहीही करून बघतो. ठरलं असं, की आईबाबांनी स्वयंपाकघरात भांडायचं आणि मी दिव्यावर नजर ठेवायची.

"तुम्ही घरात काडीचं काम करत नाही," आईने सुरुवात केली.

बाबांनी विचार केला. "मुद्दा बरोबर आहे. नोंद घेतो."

"अहो, नोंद नाही घ्यायची. उलटून बोलायचं."

"बरं. तुझा स्वयंपाक."

"काय माझा स्वयंपाक?"

"चांगला असतो," बाबा म्हणाले. "मला सुचत नाहीये गं. जेवण अंगावर आलंय."

आत्या दारात येऊन जरा वेळ ऐकत उभी राहिली. "यात काही दम नाही," ती म्हणाली आणि परत जाऊन आडवी झाली. दिवा लाल. ताई पुतळ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. पुतळ्याला डोकं नसल्यामुळे ते बरं बसतं.

शुक्रवारी ताईने वर कोट आणि खाली पायजमा घातला. बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडला, मागे नुसती भिंत, नवा रंग. दिवा हिरवा होता, कारण आत्याने अंथरूण झटकायला खिडकी उघडली होती, पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला पहारा पॅसेजमध्ये, राउटरखाली. दारातून ताईची पाठ दिसत होती आणि पडद्यावर तिघं: एक चष्म्याच्या बाई, एक टकले गृहस्थ, आणि एक असा, जो कॅमेऱ्याऐवजी स्वतःच्याच चित्राकडे पाहत होता.

"तुमच्याबद्दल थोडं सांगा," चष्म्याच्या बाई म्हणाल्या.

ताईने सांगायला सुरुवात केली. छान बोलत होती. तेवढ्यात मागून आत्याची शिंक ऐकू आली, मग खिडकीची कडी 'खट्' वाजली, आणि माझ्या डोक्यावरचा दिवा लाल झाला.

ताई बोलायची थांबली. ओरडली नाही. तिने दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले आणि लॅपटॉपच्या वरच्या कडेकडे बघत बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी खट् वाजलं तिकडे धावलो. खिडकी घट्ट बंद. कोपऱ्यात, झडपेच्या आणि चौकटीच्या मध्ये, वायर चपटी झाली होती, चपलेखाली आलेल्या झुरळासारखी.

"आत्या, खिडकी उघड."

"का, काय झालं?"

"काही झालं नाही. उघड पटकन."

"काही झालं नाही तर कशाला उघडू? मला वारा लागतो."

"तुझ्या खिडकीत वायर दबतेय. नेट त्यानेच जातंय."

"वायर आत्ताची आली. मी तिच्या आधीपासून आहे," आत्या म्हणाली आणि खुर्ची ओढून खिडकीला पाठ लावून बसली. आत्याला खुर्चीतून उठवणं ही एका माणसाची गोष्ट नाही. घरात ते एकाच गोष्टीला जमतं. माझी नजर खोलीभर फिरली आणि तिच्या टेबलावर थांबली. तिथे फटीत कोंबायच्या कागदी घड्यांची चळत होती. वर्तमानपत्राच्या पट्ट्या, व्यवस्थित कापलेल्या. कडा नागमोडी.

"आत्या, या कोणी करून दिल्या?"

"तुझ्या बाबांनी. बघ किती नीट कापल्यात."

मी एक घडी उचलली आणि स्वयंपाकघरात नेली. बोलावं काही लागलंच नाही. आईने ती हातात घेतली, कडेवरून बोट फिरवलं, आणि स्टुलावर बसलेल्या बाबांकडे पाहिलं.

"माझ्या कात्रीने कागद कापलात?"

"अक्काला थंडी वाजत होती," बाबा म्हणाले.

"वन्संना थंडी वाजते म्हणून माझी कात्री? घरात दुसरं काही नव्हतं? सुरी नव्हती? दात नव्हते तुम्हाला?"

"सरळ कडेपेक्षा ही फटीत घट्ट बसते."

बाबांची बाजू तांत्रिकदृष्ट्या खरी होती आणि त्यामुळेच सगळं पेटलं. आईचा आवाज दोन खोल्या ओलांडून गेला. मागे खुर्ची सरकली. कडी वाजली. "वहिनी, आहात का हो?" आत्याचा आवाज. मी राउटरकडे पाहिलं. हिरवा.

"माफ करा, तुम्ही मध्येच गेला होतात," चष्म्याच्या बाई म्हणत होत्या.

"आता आहे," ताई म्हणाली.

"बरं. समजा, सामानाच्या पट्ट्याभोवती प्रवाशांची गर्दी आहे, एकाचीही बॅग आलेली नाही आणि सगळे तुमच्यावर ओरडतायत. तुम्ही काय कराल?"

"लग्नाच्या आधीपासून जपलेली कात्री आहे ती," स्वयंपाकघरातून आई. "धार लावायलासुद्धा मी कोणाच्या हातात दिली नाही."

"ओरडणाऱ्यांकडे आधी जाणार नाही," ताई म्हणाली. "जो गप्प बसलाय त्याच्याकडे जाईन. ओरडणाऱ्याला अजून आशा असते."

टकले गृहस्थ पहिल्यांदा पुढे झुकले. "तुमच्या मागे काय चाललंय?"

"कात्रीवरून भांडण आहे. आणखी थोडा वेळ चालेल. पुढचा प्रश्न विचारा."

पण चालेल असं वाटेना. बाबा विरघळले होते. "चुकलं माझं," ते म्हणत होते. "मी स्वतः जाऊन धार लावून आणतो. परत हात लावणार नाही. पाणी घेतेस का?" आईचा आवाज उतरला. सगळं फार समजूतदारपणे मिटत होतं. मागे आत्या वहिनींना म्हणाली, "मिटलं वाटतं. जाऊ दे, वारा सुटलाय," आणि कडीला हात घातल्याचा आवाज आला. पलीकडे ताईला विचारलेला प्रश्न अजून अर्धाच झाला होता. मी कशावरून तरी पेटवावं म्हणून शब्द शोधत होतो. भावाच्या आयुष्यात बहिणीसाठी इतकं करायची वेळ क्वचित येते आणि मला एकही आगाऊ वाक्य सुचत नव्हतं.

"आणि नोंद पूर्ण असावी म्हणून सांगतो," बाबा म्हणाले.

कडीचा आवाज थांबला.

"काय सांगता?" आईने विचारलं.

"त्या इंटरनेटच्या तक्रारी. त्या मी बंद करतो."

"म्हणजे?"

"संध्याकाळी मेसेज येतो. समस्या सुटली असल्यास एक दाबा. मी दाबतो."

"सुटलेली नसताना?"

"सुटली की नाही हा वेगळा विषय झाला. उघडी तक्रार घरात ठेवून मला घास गिळत नाही. कक्षात आम्ही कधी संध्याकाळी उघडी तक्रार ठेवून घरी गेलो नाही."

स्वयंपाकघरात आईने पाण्याचा पेला ओट्यावर आपटला आणि मीच दोन पावलं मागे सरलो.

"वहिनी," मागून आत्या म्हणाली, "जाऊ नका, थांबा. आत्ता खरं आलंय."

मग जे सुरू झालं त्यात कात्री होती, तक्रारी होत्या, पाणीखातं होतं, नवा रंग होता आणि माहेरच्यांनी दिलेला एक सोफा होता, जो मी कधी पाहिलेलाही नाही. ताईने बाबांचा प्रत्येक शब्द ऐकला असणार, कारण तिचे कान एकदम लाल झाले. पण ती वळली नाही. हरवलेल्या बॅगांबद्दल ती इतकं शांतपणे बोलत राहिली, की स्वतःच्या चित्राकडे पाहणारा तिसरा माणूससुद्धा तिच्याकडे बघायला लागला.

"शेवटचा प्रश्न," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. त्या थोड्या थांबल्या, कारण आतून काहीतरी स्टीलचं पडलं. "तुम्ही कधीपासून येऊ शकाल?"

"आजपासून," ताई म्हणाली.

तिने नमस्कार केला, लॅपटॉप मिटला, कोट काढून खुर्चीला लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडणात स्वतः उतरली. तक्रारींवरून भांडायचा पहिला मान खरं तर तिचा होता, तो इतका वेळ आईने सांभाळला होता.

तिला नोकरी लागली की नाही, हे मी सांगणार नाही. तुम्ही मला खोटं पाडाल.

त्याच संध्याकाळी ताईने पुन्हा तक्रार नोंदवली आणि बाबांचा फोन आईने ताब्यात घेऊन शिवणाच्या डब्यात ठेवला. पहिल्यांदाच एक तक्रार रात्रभर उघडी राहिली. बाबा जेवले नाहीत. शनिवारी खरोखर कंपनीचा माणूस आला, खांद्यावर शिडी घेऊन. भांडण तेव्हा दुसऱ्या दिवसात शिरलं होतं, आत्याची खिडकी सताड उघडी होती आणि इंटरनेट असं पळत होतं, की तो माणूस थक्क झाला. मी त्याला खिडकीचा कोपरा दाखवला. त्याने वायर पाहिली, नेट पाहिलं, आणि शिडी पुन्हा खांद्यावर टाकली.

"चालूय की," तो म्हणाला. "चालू असलेलं मी कसं दुरुस्त करू? भिंतीतून घ्यायची असेल तर दोष आढळला पाहिजे."

"दोष शांततेत आढळतो," मी म्हणालो.

"मग शांततेत फोन करा," तो म्हणाला, आणि दोष आढळला नाही असं मोबाइलवर भरून गेला.

पुढच्याच आठवड्यात ताई त्या लांबच्या विमानतळाच्या गावी गेली, कुंडीसकट. आता घरात कमालीचा एकोपा आहे. बाबांना अपराधी वाटतं, म्हणून ते सगळ्याला हो म्हणतात. आईला त्यांची दया येते, म्हणून ती काही बोलत नाही. मी भांडायला एकटा पडतो. खिडकी बंद आहे, कारण आत्याच्या मते कारण नसताना खिडकी उघडणं म्हणजे सर्दीला बोलावणं. भिंतीला भोक पाडायला बाबांची आता हरकत नाही, फक्त कंपनीकडून अर्ज यायला हवा. कंपनी म्हणते, दोष नाही, मग अर्ज कशाचा.

रविवारी संध्याकाळी ताई व्हिडिओवर फोन करते. "आई, ऐक ना, आज एका माणसाची," इतकं म्हणते आणि गोठते. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. त्या माणसाचं काय झालं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. आई लॅपटॉप बंद करू देत नाही. पुतळ्यासमोर ठेवते आणि शिवता शिवता मध्ये मध्ये तिकडे बघते. गेल्या रविवारी ती भांडायचा प्रयत्नही करून बसली. "तुम्ही," असं बाबांना म्हणाली, आणि पुढे काही आलं नाही. बाबा "हो" म्हणाले.

त्या "हो"नंतर मात्र बाबा उठले, चष्मा पुसला आणि इतक्या वर्षांत प्रथमच टेबलाच्या दुसऱ्या बाजूने अर्ज लिहायला बसले. भाषा त्यांचीच आहे, मी फक्त टाइप केला. अर्ज फ्रिजवरून पाठवला आहे. तो असा:

"महोदय, आपल्या कंपनीची जोडणी आमच्या घरी समाधानकारक असून ती फक्त भांडण चालू असताना चालते, असे प्रत्यक्ष अनुभवास आले आहे. आपल्या तंत्रज्ञांनी पाहणी करून दोष नसल्याचे कळवले आहे, त्यास आमची हरकत नाही. तथापि, कन्या परगावी रुजू झाल्याने घरातील मनुष्यबळ कमी झाले असून उर्वरित सदस्यांत मतभेद शिल्लक नाहीत. तरी दर रविवारी सायंकाळी, कन्येचा फोन येण्याच्या वेळी, आपल्याकडील एक अनुभवी, खऱ्या रागाचा कर्मचारी आमच्या घरी भांडणासाठी पाठवण्याची व्यवस्था व्हावी. तो मनापासून भांडणारा असावा, कारण आमच्या भगिनी खोट्या भांडणास खिडकी उघडत नाहीत. सदर अर्ज उघडाच ठेवावा, ही नम्र विनंती."